सुरतेच्या डॉक्टर रखमाबाई

बाप्पाच्या आगमनाबरोबर दरवर्षी ही स्मरणिका आपल्या हाती येते. ज्या सुरतेने आपल्या दोन-तीन पिढ्यांना पोटाला दिले, त्या सुरतेत आपल्याही आधी येऊन राबून गेलेल्या एका मराठी बाईंची आठवण यंदा आम्ही काढतो आहोत. त्यांचे नाव डॉ. रखमाबाई.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाची मोकळीक होती, त्यामुळे पुढे त्यांचे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर. या सावत्र वडिलांच्या घरी रखमाबाईंना पुस्तकांची गोडी लागली.

रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले, पण त्या माहेरीच राहिल्या आणि शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून कायद्याचा मार्ग धरला. न कळत्या वयात, संमतीशिवाय झालेले लग्न आपण मानत नाही, अशी भूमिका रखमाबाईंनी घेतली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम केला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले.

या वादात लोकमान्यांचा केसरी रखमाबाईंच्या विरोधात होता, हे आम्ही लपवत नाही. ज्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. पण या एका बाबतीत काळाने कौल रखमाबाईंना दिला. मुलींच्या संमतिवयाचा १८९१चा कायदा झाला, त्यामागच्या चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची आणि इतर हितचिंतकांच्या पाठिंब्याने १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन १८९५ मध्ये सुरतेच्या बायकांच्या इस्पितळात रुजू झाल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या खऱ्या, पण रुग्णसेवेची संधी मिळण्याआधीच त्या गेल्या. प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये रखमाबाई येतात.

तेव्हा इस्पितळ म्हणजे मरायला जायची जागा, अशी बायकांची समजूत होती. ती मोडण्यासाठी रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिची सुटका केली आणि शेळी-करडू सुखरूप असल्याचे बायकांना दाखवले, अशी गोष्ट सांगतात. भीती अगदीच निराधार नव्हती. अस्वच्छ हातांनी आणि हत्यारांनी बाळंतिणीच्या अंगात जंतू जात, ताप चढे आणि ती दगावे. हात धुतले तर हा ताप टळतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवले होते. अंगात शिरलेल्या जंतूंवर चालणारी प्रतिजैविके त्या काळी नव्हती. बाळंतिणीचा जीव स्वच्छतेवरच अवलंबून असे.

रखमाबाई इथे आल्या आणि थोड्याच काळात, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उद्भवला. तो सुरतेतही पोचला. लोक घरेदारे सोडून पळत होते, त्या दिवसांत रखमाबाई कामावर राहिल्या. या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात, हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले. पिसू नेमके काय करते, ते १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी उलगडले. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा चिकट गोळा साचतो आणि वाट बंद होते. रक्त आत जात नाही, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला अडलेले रक्त जंतूंसह उलटे जखमेत टाकते. या चिकट थराला आज बायोफिल्म म्हणतात. सावकाराच्या वाड्यासारखे जंतू त्यात भिंतीआड बसतात. औषध आत नीट पोचत नाही, आणि आतले काही जंतू निपचित पडून असल्याने पोचलेल्या औषधालाही दाद देत नाहीत.

हा थर आपल्या घरातही आहे. दातांवरचे किटण हे त्याचेच रूप. लघवीची नळी, बदललेला गुडघा, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, इथेही तो जमतो. गोळ्यांनी ताप उतरतो, गोळ्या थांबल्या की परत येतो. म्हणून डॉक्टर नळी बदलतात, जखम खरवडून साफ करतात, सांधा उघडून धुतात, वेळ पडली तर बसवलेला भाग काढतात, आणि जंतूची तपासणी करून योग्य औषध पुरेसे दिवस देतात. थर मोडल्याशिवाय नुसत्या औषधाचे फारसे चालत नाही. तेव्हा बरे वाटले म्हणून औषध मनाने सोडू नये, दुकानातून मनाने आणूही नये, आणि पायाची जखम झाकून ठेवून सणाचे दिवस ढकलू नयेत.

सप्टेंबर १९९४ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बाप्पाचे विसर्जन झाले आणि थोड्याच दिवसांत सुरतेत प्लेगची बातमी पसरली. त्या वेळचा प्लेग फुप्फुसाचा होता, खोकल्यातून पसरणारा. उधन्याच्या फलाटावर नंदुरबार-भुसावळकडच्या गाड्यांना लटकलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांत आम्हीही होतो. पन्नासावर माणसे गेली, लाखो पळाली. टेट्रासायक्लिन हाताशी असूनही आपण पळालो. जवळ काही औषध नसताना रखमाबाई थांबल्या होत्या. पुढे याच शहराने झाडू हाती घेतला आणि स्वच्छतेत नाव कमावले.

रखमाबाईंनी सुरतेत वीसहून अधिक वर्षे काढली. त्यानंतर राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळाची धुरा सांभाळून त्या १९३०च्या सुमारास निवृत्त झाल्या. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचे निधन झाले.

यंदा आरतीला टाळ हातात घेण्याआधी आणि प्रसादाची वाटी पुढे करण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, एवढीच आमची विनंती. रखमाबाईंना आमच्या मंडळाची ही साधी आदरांजली.

गणपती बाप्पा मोरया!