ग्रेस हॉपर : प्रमाणभाषेचा आग्रह

ग्रेस हॉपर यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. गजर कसा वाजतो हे पाहण्यासाठी सातव्या वर्षी त्यांनी घरातली सात घड्याळे एकेक करून उघडली होती. 1934 मध्ये येल विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. 1943 मध्ये वजन कमी भरत असूनही सवलत मिळवून त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या ‘मार्क-1’ या अवाढव्य गणनयंत्रावर काम करू लागल्या.

त्या काळी प्रत्येक यंत्रासाठी आकड्यांतल्या आज्ञा हाताने लिहाव्या लागत. 1952 मध्ये हॉपर यांनी ‘ए-झीरो’ हा कंपायलर तयार केला. आधी लिहून ठेवलेले आज्ञांचे तुकडे शोधून जोडण्याचे काम तो स्वतःच करी. त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेच्या आधारावर 1959 मध्ये ‘कोबोल’ आकाराला येऊ लागली. एकच प्रोग्रॅम कोणत्याही कंपनीच्या संगणकावर चालावा, हा तिचा हेतू होता.

प्रत्यक्षात प्रत्येक कंपनीने कोबोलमध्ये आपापली भर घातली. एका यंत्रावर बिनचूक चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडू लागला. 1966 मध्ये नौदलातून निवृत्त झालेल्या हॉपर यांना पुढच्याच वर्षी हा गोंधळ निस्तरण्यासाठी परत बोलावले गेले. केवळ मानक ठरवून भागत नाही, ते पाळले जाते की नाही हेही तपासायला हवे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या चमूने कंपायलरची परीक्षा घेणारे प्रोग्रॅमच लिहिले.

‘सी’ भाषा आणि युनिक्स यांच्यापुढेही पुढे हाच प्रश्न उभा राहिला. 1988 मध्ये ‘पॉसिक्स’ आणि 1989 मध्ये ‘सी’चे मानक आले. आजही प्रोग्रॅमर सी फाइलच्या अगदी सुरुवातीला ‘पॉसिक्स सी सोर्स’ या मॅक्रोला 200809 अशी किंमत देतो. म्हणजे, सप्टेंबर 2008 च्या पॉसिक्स मानकानुसार हा प्रोग्रॅम लिहिला आहे. हेडर फाइल त्याप्रमाणे फंक्शन उपलब्ध करून देतात. हीच ओळ हेडर फाइलनंतर लिहिली, तर तिचा उपयोग होत नाही.

1986 मध्ये वयाच्या 79 व्या वर्षी हॉपर रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले. प्रोग्रॅम एका यंत्राचा बांधील राहू नये, हा त्यांचा आग्रह मात्र आजही मानकांच्या रूपाने टिकून आहे.