गार्सिया द ओर्ता : रुग्णशय्येजवळ सत्य शोधणारा वैद्य

केळवे-माहीम, तारापूर आणि डहाणू येथील जुने किल्ले पाहताना आपल्याला पोर्तुगीज अमदानीतील सरदार आणि मिशनरी आठवतात. त्याच काळात उत्तर कोकणच्या ह्या किनाऱ्याशी संबंध आलेल्या एका थोर वैद्याची ओळख मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच आहे. ते म्हणजे गार्सिया द ओर्ता.

त्यांचा जन्म 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे येथे झाला. त्यांचे आईवडील 1492 साली स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी होते. 1497 साली पोर्तुगालमधील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. सालामांका व अल्काला येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ओर्ता लिस्बन विद्यापीठात अध्यापन करू लागले. 1534 साली मार्तिम अफोंसो द सौझा ह्यांचे वैद्य म्हणून ते भारतात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. काही वर्षे आरमाराबरोबर हिंडून ओर्ता गोव्यात स्थायिक झाले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांप्रमाणेच अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाहही त्यांचा रुग्ण व स्नेही होता. पुढे मुंबई बेट त्यांना मक्त्याने मिळाले. वसई भागातील कुणबी, माळी, परभू आणि पारशी ह्या समाजांची नोंद त्यांच्या लेखनात आढळते.

गॅलेन आणि इब्न सीना ह्यांचा शब्द त्या काळी वैद्यकात अखेरचा मानला जाई. ओर्ता ह्यांनी मात्र ग्रंथातील शब्दापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या रुग्णाला अधिक मान दिला. प्रथम ते आपल्या परंपरेतील औषध देत. त्याचा गुण आला नाही, तर येथील वैद्यांचे उपचार योजण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. अफू, भांग व धोत्रा ह्यांचे गुण आणि धोके त्यांनी लिहून ठेवले. गरमीसारखा चिवट रोग आणि सांधेदुखी ह्यांवर चिनी व्यापारातून आलेल्या चोपचिनीच्या मुळीचा वापर त्यांनी वर्णिला. हे आजच्या अर्थाने संशोधन नव्हते. तुलनेसाठी रुग्णांचा दुसरा गट नव्हता, मोजमापही नव्हते. चोपचिनीवरचा विश्वास पुढे टिकला नाही. तथापि पाहून, पडताळून आणि मगच लिहिण्याची त्यांची शिस्त टिकली.

ह्या शिस्तीचा उत्तम नमुना म्हणजे त्यांचे कॉलऱ्याचे वर्णन. आपल्या लोकांच्या तोंडचा ‘मोडशी’ हा शब्द त्यांनी त्या रोगासाठी नोंदवला. मंद नाडी, थंड घाम, खोल गेलेले डोळे, तहान आणि पायांत येणारे गोळे ही लक्षणे त्यांनी टिपली. मिरी-जिरे घातलेली तांदळाची पेज देण्याची येथील वैद्यांची रीतही लिहिली. विसाव्या शतकात तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी कॉलऱ्यात गुणकारी ठरली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हे सारे ज्ञान त्यांनी संवादरूपाने मांडले. तो ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. चारच वर्षांनी क्लूसियस ह्यांनी केलेला त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला आणि भारतीय औषधी युरोपभर परिचित झाल्या.

1568 साली ओर्ता निवर्तले. त्यानंतरची हकिगत आपणा ख्रिस्ती लोकांना व्यथित करणारी आहे. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले होते. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 साली त्यांची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. 1580 साली खुद्द ओर्तांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. ज्या हातांनी असंख्य रुग्णांची नाडी पाहिली, त्यांना मृत्यूनंतरही विसावा मिळाला नाही.

ही गोष्ट लपवून ठेवण्यात ख्रिस्तसभेचा सन्मान नाही. 12 मार्च 2000 रोजी संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या जुलमाबद्दल आणि यहुदी लोकांविरुद्ध घडलेल्या पापांबद्दल परमेश्वराजवळ क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत आपणही सहभागी आहोत.

पणजीच्या एका उद्यानाला आज ओर्तांचे नाव आहे. पालघर-बोईसर परिसरात रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी व धर्मभगिनींनी त्यांच्यापासून एक गोष्ट अवश्य घ्यावी. पाड्यावरून आलेला रुग्ण आपल्या दुखण्याविषयी आणि घरच्या औषधाविषयी जे सांगतो, ते आधी लक्षपूर्वक ऐकावे आणि मग पडताळून पाहावे.