बोटीतला फ्लश आणि माग्डेबुर्गचा महापौर

मोठ्या बोटीतल्या टॉयलेटचं बटण दाबलं की जोरात 'सुर्रर्र' आवाज येतो आणि क्षणात सगळं गायब. पाणी लागतं जेमतेम अर्धा ते एक लिटर. घरच्या फ्लशला सहा ते नऊ लिटर लागतं. विमानात किंवा मुंबई-गोवा 'वंदे भारत'मध्ये हा आवाज तुम्हीही ऐकला असेल. आपण सहज म्हणतो की व्हॅक्यूमने ओढून घेतलं. इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मीही असंच म्हणायचो. पण मित्रांनो, व्हॅक्यूम काहीच ओढत नाही. हे साऱ्या युरोपला ज्याने दाखवून दिलं, तो एका जळालेल्या शहराचा महापौर होता. त्याचं नाव ओटो फॉन गेरिके.

राखेतून सुरुवात

गेरिकेचा जन्म १६०२ साली जर्मनीत, एल्बे नदीकाठच्या माग्डेबुर्ग शहरात झाला. घरची परिस्थिती उत्तम होती. आधी कायद्याचं शिक्षण झालं, मग हॉलंडमधल्या लायडनला जाऊन तो गणित आणि तटबंदी बांधायचं शास्त्र शिकला. परत येऊन शहराच्या कारभारात शिरला.

तेव्हा तीस वर्षांचं युद्ध सुरू होतं. मे १६३१ मध्ये सम्राटाचं सैन्य माग्डेबुर्गमध्ये घुसलं. लूट, कत्तल आणि आग यांत सुमारे २० हजार माणसं मेली. गेरिके पकडला गेला. खंडणी भरल्यावर सुटला, पण हातात काहीच उरलं नव्हतं. काही काळ त्याने स्वीडिश सैन्यासाठी इंजिनिअर म्हणून काम केलं, मग आपल्याच शहरात परतून पूल आणि तटबंदी पुन्हा उभी करायला लागला. १६४६ मध्ये तो महापौर झाला आणि पुढची तीसेक वर्षं त्या पदावर होता. शहराच्या हक्कांसाठी दरबारोदरबारी खेटे घालणं, हे त्याचं मुख्य काम. व्हॅक्यूमचे प्रयोग यातून उरलेल्या वेळात चालायचे.

गळकं पिंप

पूर्ण रिकामी जागा असू शकते का, यावर तेव्हा विद्वानांची भांडणं चालायची. ॲरिस्टॉटलला मानणारे म्हणायचे, शक्यच नाही. गेरिकेने वाद घालण्याऐवजी पंप बनवला. आग विझवायच्या पिचकारीसारखा, पितळेचा.

पहिला प्रयोग १६५० च्या आसपासचा. बिअरचं लाकडी पिंप पाण्याने भरलं, घट्ट बंद केलं आणि खालून पाणी उपसायला सुरुवात केली. पिंपातून आवाज यायला लागला. लाकडाच्या बारीक भेगांतून हवा आत शिरत होती. मग त्याने छोटं पिंप पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात ठेवलं. तरी गळती थांबेना.

शेवटी तांब्याचा पोकळ गोळा घेतला आणि थेट हवाच उपसली. काम होत आलं असताना गोळा मोठा आवाज करून चेपला गेला, मुठीत कापड चुरगळावं तसा. मला त्याच्या आयुष्यातला हाच क्षण सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आत तर काही उरलंच नव्हतं, मग गोळा चेपला कोणी? बाहेरच्या हवेने! आपल्या अंगावर कायम असलेला तिचा दाब आतून कोणी उलट ढकलायला नसेल तेव्हाच जाणवतो. पुढचा गोळा त्याने नीट गोल बनवून घेतला. तो टिकला.

१६ घोड्यांची रस्सीखेच

१६५४ मध्ये शहराच्या कामासाठी तो रेगेन्सबुर्गच्या राजसभेला गेला आणि तिथे सम्राट फर्डिनांड तिसरा याच्यासमोर प्रयोग करून दाखवले. काही वर्षांनी माग्डेबुर्गमध्ये तो प्रसिद्ध खेळ झाला. नारळाच्या करवंट्यांसारखे तांब्याचे दोन अर्धगोल, रुंदी सुमारे ५० सेंटीमीटर. मधे मेण लावलेली चामड्याची रिंग. आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. अर्धगोल सुटता सुटेनात. हिशेब केला तर हवा प्रत्येक अर्धगोलावर जवळपास दोन टन वजनाइतका जोर लावत होती. तोटी उघडून हवा आत सोडली की तेच अर्धगोल हाताने वेगळे व्हायचे.

गंमत म्हणजे आठ घोडे पुरले असते. दुसरी बाजू भिंतीला बांधली असती तरी ताण तेवढाच पडला असता. पण मग बघायला इतकी मजा आली नसती!

मग फ्लशचं काय?

गेरिकेचा आणखी एक प्रयोग आपल्या फ्लशच्या जास्त जवळचा आहे. सिलिंडरमधल्या दट्ट्याला दोर बांधून तो माणसांच्या घोळक्याला धरायला द्यायचा. मग आधीच रिकामा करून ठेवलेला गोळा त्या सिलिंडरला जोडून तोटी उघडायची. सिलिंडरमधली हवा गोळ्यात जायची, बाहेरची हवा दट्ट्या आत ढकलायची आणि सगळा घोळका फरपटत जायचा. म्हणजे व्हॅक्यूम आधी तयार करून साठवता येतं आणि हवं तेव्हा वापरता येतं.

बोटीत नेमकं हेच होतं. पंप एका टाकीतली आणि पाइपातली हवा आधीच काढून ठेवतो. तुम्ही बटण किंवा पेडल दाबलं की भांड्याखालचा व्हॉल्व्ह उघडतो. भांड्यावरची हवा आतल्या कमी दाबाकडे धावते आणि जाता जाता घाण पुढे ढकलते. व्हॉल्व्ह बंद होतो, दाबावर लक्ष ठेवणारा स्विच पंप सुरू करतो, टाकी पुन्हा तयार. पंप घाण साठवणीच्या टाकीत पाठवतो. एकदिशा व्हॉल्व्ह असल्याने ती मागे येत नाही. उतारावर भरवसा नसल्यामुळे बोट कलली तरी चालतं, पाइप बारीक असला किंवा थोडा वर चढला तरी चालतं.

आणि बिघाड? तोही गेरिकेच्या पिंपाचाच! कोणी फ्लश केलेलं नसताना पंप रात्री मधूनच सुरू होत असेल, तर कुठूनतरी हवा आत शिरते आहे. आधी भांड्याखालचं रबरी सील तपासायचं. भांड्यात ठेवलेलं पाणी आपोआप कमी झालं, तर दोष बहुतेक तिथेच असतो.

गेरिकेचं प्रयोगांचं पुस्तक १६७२ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये छापलं गेलं. त्याआधीच त्याच्या पंपाची माहिती वाचून इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईलने स्वतःचा पंप बनवून घेतला होता. म्हातारपणी गेरिके मुलाकडे हॅम्बुर्गला गेला आणि १६८६ मध्ये तिथेच वारला. ज्या शहराची त्याने राख पाहिली होती, तिथल्या विद्यापीठाला आज त्याचं नाव आहे.