चोरांचा मामा : व्हिदॉक

तिसऱ्या वर्षाला असताना मी फ्रेंचचा क्लास लावला. का, ते विचारू नका. रूममेटने लावला म्हणून मी लावला. त्याने पंधरा दिवसांत सोडला, मी मात्र फी भरल्यामुळे अडकलो! व्याकरणाने डोकं पार उठलं होतं. पण एका संध्याकाळी डिक्शनरी चाळताना 'मूतों' हा शब्द सापडला (उच्चार तसाच आहे, हसून घ्या) आणि मी जागा झालो. मूतों म्हणजे मेंढी. यातूनच इंग्रजी 'मटन' आला आणि तिथून आपल्या मेसचं रविवारचं मटण. त्याच्याखाली बारीक अक्षरात दुसरा अर्थ होता : कैद्यांच्या कोठडीत मुद्दाम सोडलेला पोलिसांचा खबऱ्या.

हा दुसरा अर्थ वाचून मला जरा कसंतरीच झालं. त्याचं कारण पुढे सांगतो.

आपल्याकडे काय कमी आहे म्हणा! सुपारी म्हणजे सुपारी, पण मुंबईच्या टोळ्यांमध्ये तिचा अर्थ वेगळा. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, घोडा म्हणजे पिस्तूल आणि मामा म्हणजे चौकातला पोलीस. हॉस्टेलवर नुसता 'पोपट झाला' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, पक्षी कुणी शोधत नाही. चोरांच्या अशा बोलीला फ्रेंचमध्ये 'आर्गो' म्हणतात. आधी हा शब्द भिकाऱ्यांच्या टोळीसाठी होता, नंतर त्यांच्या भाषेला चिकटला. ही आर्गो शोधता शोधता मला एक माणूस भेटला. युजीन फ्रान्स्वा व्हिदॉक. अर्थात पुस्तकातच, कारण त्याला जाऊन आता दीडशेहून जास्त वर्षं झाली.

व्हिदॉकचा जन्म 1775 च्या जुलै महिन्यात उत्तर फ्रान्समधल्या आरास गावी झाला. बापाची बेकरी. पोरगा अंगापिंडाने दणकट, डोक्याने तल्लख आणि हाताने वाईट. घरातली चांदी विकली, मग गल्ल्यावर हात मारला आणि अमेरिकेला जायचं म्हणून बंदर गाठलं. तिथे त्यालाच कुणीतरी लुटलं! मग काही दिवस फिरत्या खेळवाल्यांबरोबर काढून, सपाटून मार खाऊन स्वारी घरी परत. 1791 साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, सैन्यात भरती. क्रांतीचे दिवस होते. व्हाल्मीच्या लढाईत तो होता, पण शत्रूपेक्षा स्वतःच्याच छावणीतल्या लोकांशी त्याची जास्त भांडणं झाली. शेवटी पळून गेला. हा भाग मी पटकन उरकतो, कारण पळणे हा त्याच्या आयुष्याचा कॉमन फॅक्टर आहे, सगळं सांगत बसलो तर अंक भरेल.

खरी वाट लागली ती लिल शहरात. किरकोळ मारामारीसाठी आत गेला होता. तिथे एका कैद्याच्या सुटकेचा खोटा हुकूम तयार झाला आणि त्यात व्हिदॉकचं नाव आलं. आपण तो बनवलाच नाही असं तो जन्मभर सांगत राहिला. कोर्टाने ऐकलं नाही. डिसेंबर 1796 मध्ये आठ वर्षं सक्तमजुरी.

सक्तमजुरी म्हणजे 'बान्य'. ब्रेस्त आणि तुलाँ या बंदरांवर बेड्या घालून कैद्यांना राबवायचे. पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या तुरुंगातून गळ्यात लोखंडी पट्टे घालून, एका साखळीत ओवून त्यांची वरात निघायची. ब्रेस्त तिथून पाचशे किलोमीटरहून लांब! आणि या जागेला चोरांच्या भाषेत नाव काय? 'प्रे', म्हणजे कुरण. कैदी म्हणजे 'फागो', म्हणजे जळणासाठी बांधलेली काटक्यांची मोळी. साखळीत ओवलेली माणसं डोळ्यांसमोर आणा, शब्द बरोबर बसतो. पळून पुन्हा पकडलेला कैदी म्हणजे 'परतीचा घोडा'. फाशीच्या खांबाला आणि नंतर गिलोटिनला नाव होतं 'विधवा'. या विधवेशी ज्याचं लग्न लागतं तो दुसऱ्या दिवशी नसतो, हे वेगळं सांगायला नको. सगळ्यात भारी म्हणजे डोक्यासाठी दोन शब्द. विचार करणारं डोकं म्हणजे 'सॉर्बॉन', पॅरिसचं ते जगप्रसिद्ध विद्यापीठ. तेच डोकं धडावेगळं झालं की 'त्रोंश', म्हणजे लाकडाचा ओंडका. आमची सॉर्बॉन व्हायवाच्या टेबलावर बसल्या बसल्या त्रोंश होते, तो भाग वेगळा.

ब्रेस्तला पोचल्यावर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी 1798 मध्ये, व्हिदॉक खलाशाचे कपडे घालून पसार झाला. पुन्हा पकडला, पुन्हा पळाला. एकदा तर नन बनून. मग तुलाँ. तिथूनही 1800 साली पळाला. थोडक्यात, हा जातिवंत परतीचा घोडा. पुढची काही वर्षं त्याने खोट्या नावाने दुकान टाकून सरळ जगायचा प्रयत्न केला, पण जुने सोबती ओळख दाखवायला यायचे आणि तोंड बंद ठेवायचे पैसे मागायचे. फ्रेंचमध्ये अशा ब्लॅकमेलला म्हणतात 'गायला लावणे'. व्हिदॉकला त्यांनी चांगलंच गायला लावलं. 1809 मध्ये तो पॅरिसला पुन्हा पकडला गेला. वय 34 पूर्ण व्हायला आलेलं. पुढे एकतर कुरण, नाहीतर विधवा.

इथे त्याने जे केलं त्यासाठी मी हा लेख लिहितोय. पॅरिसच्या पोलिसांत आँरी नावाचा एक मुरलेला अधिकारी होता. व्हिदॉकने त्याच्याकडे निरोप पाठवला, की मी तुमच्यासाठी काम करतो. आणि व्हिदॉक मेंढी झाला. आधी बिसेत्रमध्ये आणि मग ला फोर्सच्या तुरुंगात सुमारे 21 महिने तो कैद्यांमध्ये कैदी म्हणून राहिला. इतक्या वेळा पळालेला माणूस म्हणून आत त्याला हिरोचा मान होता. लोक विश्वासाने बोलायचे. तो ऐकायचा आणि त्याची मैत्रीण आनेत भेटीला आली की तिच्याबरोबर बातमी आँरीकडे. चोरांच्या भाषेत पोलिसांपुढे तोंड उघडण्याला 'घास खाणे' म्हणतात. आपल्याकडे मिठाला जागतात, तिकडे घास खाल्ला की गद्दारी. मार्च 1811 मध्ये त्याला सोडलं तेसुद्धा खोटं पलायन घडवून, म्हणजे आतल्यांना शंका नको.

आता माझं कारण. दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या विंगमध्ये पाणी गरम करायची कॉइल पकडली गेली. सगळ्यांकडे कॉइल होत्या, माझ्याकडेही होती. ऑफिसमध्ये मला एकट्याला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि नावं विचारली. मी दोन नावं सांगितली. का सांगितली? माझं नाव वाचावं म्हणून, दुसरं काही नाही. त्यातल्या एकाला टर्मच्या मध्यात रूम सोडावी लागली. सबमिशनचे दिवस होते, तो कुठे कुठे राहिला ते मला नंतर कळलं. चहा आणि दोन नावं... घास खाणे या शब्दाला यापेक्षा सरळ उदाहरण नाही. म्हणून व्हिदॉकला हिरो म्हणताना मी जरा अडखळतो. त्याच्या समोर विधवा उभी होती, माझ्या समोर फक्त दंडाची पावती होती.

असो. पुढची गोष्ट वेगाने घडली. चोर पकडायला चोरच पाहिजे, या हिशोबाने व्हिदॉकने साध्या वेशातल्या पोलिसांचं पथक काढलं, 'स्युरते'. 1812 मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी नेपोलियनने शिक्कामोर्तब केलं. सुरुवातीला जेमतेम चार माणसं, तीही बहुतेक तुरुंगातून सुटलेली. वेशांतर हा हातचा मळ. पकडलेल्या प्रत्येकाचं वर्णन आणि त्याच्या कामाची पद्धत कार्डांवर नोंदवून ठेवायची शिस्त त्याने लावली. आपल्या भाषेत डेटाबेस! आणि भाषा तर घरचीच. गुत्त्यात दोघं बसून कुरणाबद्दल बोलताहेत, तर बाकीच्यांना वाटायचं शेतकरी आहेत. व्हिदॉकला कळायचं की नाहीत. 1817 या एका वर्षात स्युरतेने 811 जणांना पकडलं, त्यात 15 खुनी होते. तेव्हा पथकात उणीपुरी डझनभर माणसं होती. पुढे राजा अठराव्या लुईने त्याची जुनी शिक्षा माफ केली. म्हणजे पोलीसप्रमुख म्हणून इतकी वर्षं काम करणारा माणूस कागदोपत्री तोवर फरार कैदीच होता!

1827 मध्ये वरिष्ठांशी पटेना म्हणून राजीनामा. नंतर आत्मचरित्र आलं, तुफान खपलं. पण ते लिहायला दुसरे लोक होते, त्यांनी भरपूर मसाला घातला आणि खुद्द व्हिदॉकच त्यावर चिडला. त्यामुळे वर सांगितलेल्या पलायनांतही थोडं मीठमिरची असेल, वाचकांनी आपापल्या चवीने घ्यावं. मग त्याने सँ-माँदे इथे कागदाचा कारखाना काढला. आपल्या शाखेच्या लोकांनी इकडे लक्ष द्यावं : ज्याच्यावर खोट्या कागदाचा गुन्हा लागला, त्यानेच खाडाखोड करता येणार नाही असा कागद आणि न पुसली जाणारी शाई यांवर प्रयोग केले. कामगार ठेवले ते सुटून आलेले कैदी, ज्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं. कारखाना बुडाला. कल्पना चांगली, पण भांडवल संपलं. हे आपल्याला नवीन नाही.

1832 मध्ये तो पुन्हा पोलिसांत आला. त्याच जूनमध्ये पॅरिसला उठाव झाला (ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' मधला बॅरिकेडवरचा प्रसंग तोच) आणि तो मोडण्यात व्हिदॉक सरकारच्या बाजूने होता. त्याच वर्षी नियम आला, की स्युरतेत शिक्षा झालेला माणूस नको. ज्यांच्या जोरावर पथक उभं राहिलं, तेच बाहेर. 1833 मध्ये त्याने खाजगी चौकशी कचेरी काढली. जगातली पहिली खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सी म्हणून तिचं नाव घेतात. पोलिसांना ती डोळ्यांत खुपायची. 1842 मध्ये त्याला अटक झाली, खालच्या कोर्टाने पाच वर्षं दिली, 1843 मध्ये अपिलात तो सुटला, पण तोपर्यंत सुमारे 11 महिने आत गेले होते. वय सदुसष्ट! परतीचा घोडा म्हातारपणीही चुकला नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं 1837 चं चोरांवरचं पुस्तक. त्यात त्याने आर्गोचा कोशच देऊन टाकला. शब्द, अर्थ, आणि काही शब्दांखाली तो धंदा कसा चालतो त्याची लांबलचक माहिती. ही भाषा मुळात बाहेरच्यांना कळू नये म्हणून होती. तिची किल्ली दुकानात विकायला ठेवणं ही त्याने खाल्लेली सगळ्यात मोठी मेजवानी म्हणायची. पण दुसरीकडून बघा. तुरुंगातल्या अडाणी माणसांनी भुकेतून आणि भीतीतून घडवलेले हे शब्द नीट लिहून ठेवणारे होते तरी किती? बाल्झाक त्याला ओळखत होता, त्याचा व्होत्रँ हा व्हिदॉकवरूनच बेतलेला. ह्यूगोने तर ले मिझराब्लमध्ये एक अख्खं प्रकरण आर्गोला दिलं. त्यातला कैदी व्हालजाँ आणि त्याच्यामागे लागलेला पोलीस जाव्हेर, दोघांतही व्हिदॉक आहे असं म्हणतात. एक माणूस दोन पात्रांत फाडावा लागला, यात मला तरी नवल वाटत नाही.

11 मे 1857 रोजी पॅरिसमध्ये तो वारला. वय 81.

तो मित्र आता खालच्या मजल्यावर राहतो. मूतोंचे दोन्ही अर्थ मी त्याला जाऊन सांगितले, कॉइलची गोष्टही सांगितली. त्याला ती आधीपासून माहीत होती. त्या दिवसापासून रविवारी मेसमध्ये मटण असलं की तो माझ्या ताटाकडे बघून मेंढीसारखा ओरडतो, आणि सगळं टेबल विचारतं की याला काय झालं.