बर्फ तोलणारा लॅटिनचा प्राध्यापक

कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वताच्या कुशीत, टाहो नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्यातून बाहेर पडणारी ट्रकी ही एकमेव नदी नेवाडाच्या वाळवंटात उतरते. रीनो शहर, त्याभोवतीची शेती आणि वीजनिर्मिती या साऱ्यांचा प्राण म्हणजे ही नदी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या सरोवराच्या मुखावरील बंधाऱ्यावरून मोठे भांडण पेटले होते. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून ते वसंतात साठवून ठेवावे, असा खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा आणि वीज कंपनीचा आग्रह होता. तर साठवलेल्या पाण्यावर बर्फ वितळून आणखी लोंढा आला की आमचे काठ खचतात, अशी सरोवराकाठच्या मालमत्ताधारकांची तक्रार होती. दोन्ही पक्षांचे म्हणणे खोटे नव्हते. डोंगरावर किती पाणी बर्फाच्या रूपाने थांबले आहे, हे मात्र दोघांपैकी कोणासच ठाऊक नव्हते. या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले ते एका लॅटिनच्या प्राध्यापकाने, हा या कथेतील सर्वांत गमतीचा भाग होय.

जेम्स एडवर्ड चर्च यांचा जन्म १८६९ साली मिशिगन राज्यातील हॉली या गावी झाला. १८९२ साली मिशिगन विद्यापीठाची पदवी घेऊन ते रीनो येथील नेवाडा विद्यापीठात अध्यापनासाठी आले आणि पुढे म्यूनिक येथे जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अभिजात भाषा, रोमन साहित्य, कला हे त्यांचे विषय. हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. पण रीनोच्या खिडकीतून दिसणारे माउंट रोझचे १०,७७६ फूट उंचीचे शिखर त्यांना स्वस्थ बसू देईना. हिवाळ्यात त्या डोंगरावर कोणी जात नसे. तेथे जगणेच अशक्य, अशी समजूत होती. १८९५ साली चर्च ऐन हिवाळ्यात ते शिखर चढून आले. हा छंद होता. त्यातून शास्त्र निर्माण व्हायला अजून दहा वर्षे जायची होती.

१९०५ साली त्यांनी त्याच शिखरावर एक लहानशी वेधशाळा उभारली. उपकरणांची नोंद घेण्यासाठी वादळवाऱ्यात, पायांना जाळीच्या हिमपादुका बांधून, वारंवार वर जावे लागे. वर्गात लॅटिन शिकवायचे आणि सुट्टी मिळताच डोंगर गाठायचा, असा त्यांचा क्रम असे. या फेऱ्यांतच त्यांच्या ध्यानात आले की बर्फाची नुसती खोली मोजून काहीच कळत नाही.

पर्जन्यमापकावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे. पावसाचा एक इंच हा कोठेही एक इंचच असतो. बर्फाचे तसे नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ दहा इंच साचला तरी वितळल्यावर त्याचे पाणी जेमतेम इंचभर भरते. उलट वसंतात दबून घट्ट झालेल्या तेवढ्याच बर्फातून चार-पाच इंच पाणी निघू शकते. स्की घालून पठारावर हिंडणाऱ्या हौशी माणसाला खोली पुरते. शेतकऱ्याला हवे असते ते वजन. म्हणून चर्च यांनी पोलादाची एक लांब नळी तयार करविली. तिच्या टोकाला दातेरी पाते. नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासह वर काढायची आणि काट्यावर तोलायची, एवढीच कृती. नळीच्या तोंडाचा व्यास दीड इंचाहून किंचित कमी ठेवलेला. त्यामुळे आतल्या बर्फाचे वजन जितके औंस, तितके इंच पाणी त्या जागी आहे, असा हिशेब सरळ डोळ्यांपुढे येतो. गणिताची कटकट नाही, प्रयोगशाळेची गरज नाही. या साधेपणातच तिचे सारे यश आहे. माउंट रोझ नमुनायंत्र या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि तिचे सुधारलेले रूप आजही हिमसर्वेक्षकांच्या खांद्यावर असते.

१९१०-११ चा हिवाळा सिएरात भरघोस बर्फाचा गेला. टाहोच्या पाणलोटातील बर्फ तोलून चर्च यांनी सरोवर वसंतात किती चढेल याचा अंदाज बांधला, आणि त्यानुसार बंधाऱ्यातून आगाऊ पाणी सोडणे शक्य झाले. भांडणाची धार बोथट झाली. पाण्याच्या तंट्यात न्यायालयाच्या आधी मोजपट्टीला बोलवावे, हे तेथील लोकांना त्यामुळे पटले. हिमसर्वेक्षणाचे जाळे हळूहळू पश्चिमेकडील अन्य राज्यांत पसरले; १९३५ नंतर संघराज्य सरकारनेही ते काम अंगावर घेतले.

चर्च यांची पद्धत टक्केवारीची होती. ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी (बहुधा १ एप्रिलच्या सुमारास) बर्फातील पाणी मोजायचे, अनेक वर्षांच्या सरासरीशी ताडायचे, आणि नदीचे पाणीही त्याच प्रमाणात येईल असे धरायचे. म्हणजे या शास्त्राचा सारा डोलारा सरासरीवर उभा आहे, आणि सरासरी घडते ती वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदींतून. आज नेमकी येथेच अडचण होऊन बसली आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये सिएरातील बर्फाचे पाणी सरासरीच्या अवघे ५ टक्के भरले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर मोजणीच्या जागी गेले तेव्हा पायाखाली कोरडे गवत होते. आठच वर्षांनी, २०२३ मध्ये, तोच आकडा सरासरीच्या दुपटीच्याही वर गेला. हवामान तापत असताना जुनी सरासरी किती विश्वासार्ह मानावी, हा प्रश्न आता केवळ तज्ज्ञांचा उरलेला नाही. तथापि तो विचारता येतो तोच मुळी जुन्या नोंदी हाताशी आहेत म्हणून, हेही विसरता येत नाही.

बर्फ आणि अरण्य यांच्या संबंधावरही चर्च यांनी बारकाईने लिहिले. दाट झाडीत बर्फ फांद्यांवरच अडकून उडून जातो, उघड्या माळावर ऊनवारा त्याला खातो. मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान मोकळ्या जागा असलेल्या रानात तो सर्वाधिक टिकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरसकट जंगलतोडीला आणि सरसकट लागवडीलाही तो सारखाच अडचणीचा ठरावा.

पुढे ते ग्रीनलंडच्या मोहिमांत सामील झाले. रीनोत १९३१ साली कलादालन स्थापन करण्यातही ते अग्रभागी होते. हिमशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती झाली तरी कलेचा अभ्यासक त्यांच्यातून गेला नाही. १९३९ साली अध्यापनातून निवृत्त झाल्यावर विश्रांती घेण्याचे वय होते. पण १९४७ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, हिमालयातील हिमसर्वेक्षणाची आखणी करण्यासाठी भारत सरकारच्या निमंत्रणावरून हा वृद्ध प्राध्यापक आपली नळी घेऊन येथे आला.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये रीनो येथे त्यांचे निधन झाले. माउंट रोझच्या परिसरातील एका शिखराला आज त्यांचे नाव आहे. विद्यापीठाने आपल्या ललितकला भवनालाही तेच नाव दिले, आणि त्या इमारतीच्या कोनशिलेत त्यांच्या अस्थी ठेवल्या.