विनोदी बोलपटांचे शिल्पकार मास्टर विनायक

मराठी बोलपटाच्या आरंभकाळाचे स्मरण करताना संतपट व पौराणिक चित्रपट प्रथम डोळ्यांपुढे येतात. विनोदी बोलपट मात्र घटकाभराची करमणूक म्हणून मागे पडतात. यास्तव मास्टर विनायक यांचे अल्पचरित्र आपल्या ज्ञातिकुटुंबांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९०६ साली कोल्हापुरात झाला. 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात त्यांनी नारदाची भूमिका केली. १९३६ साली बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी 'हंस पिक्चर्स' ही संस्था काढली. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया' हे तिचे गंभीर चित्र. परंतु विनायकरावांच्या प्रतिभेचा दुसरा पैलू आचार्य अत्रे यांच्या लेखणीने उजळला. 'ब्रह्मचारी' (१९३८) मध्ये ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करून फजीत होणारा औदुंबर त्यांनी स्वतः रंगविला. 'ब्रँडीची बाटली' (१९३९) मध्ये तर नायकाचा मान तिरळ्या डोळ्यांच्या दामुअण्णा मालवणकरांना दिला! 'लग्न पाहावे करून' (१९४०) मध्ये चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. दामुअण्णा चिमणराव झाले, तर विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ.

या चित्रांची गोडी कशात आहे? आमच्या मते, ज्याला आपण हसतो तो कोणी परका नसतो. साधा कारकून, भाबडा गृहस्थ, लग्नकार्याच्या विवंचनेने गांजलेला कुटुंबवत्सल मनुष्य, हीच तेथील पात्रे. वधूवरांच्या याद्या चाळताना मानपान आणि देण्याघेण्याचा घोळ घालणाऱ्या आपल्यापैकी कोणासही तेथे स्वतःचेच प्रतिबिंब दिसेल. कोणाचाही द्वेष न करता आपले दोष आपणांस दाखविणे, हे काम उपदेशापेक्षा अशा हास्याने अधिक साधते.

पडद्यामागेही विनायकराव तितकेच सहृदय होते. १९४२ साली मास्टर दीनानाथ निवर्तल्यावर मंगेशकर कुटुंबाला त्यांनी आधार दिला व बालवयातील लताबाईंना चित्रपटात काम दिले. पुढे त्यांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' चालविली. स्वातंत्र्याचा सूर्य उगवून चारच दिवस झाले असता, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी ते कालवश झाले.

त्या काळच्या चित्रफिती ज्वालाग्राही व नाशवंत. कित्येक बोलपट त्यामुळे कायमचे लोपले. जे उरले आहेत, ते घरातील वडीलधारी व मुले यांनी एकत्र बसून अवश्य पाहावेत, एवढीच आमची विनंती.