पॉलिश्ड काँक्रीटच्या जमिनीमागचा माणूस: लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन

पॉलिश्ड काँक्रीटच्या जमिनीचे रील्स तुमच्या फीडमध्ये आले असतीलच. करडा रंग, आरशासारखी चमक, कुठे सांधा नाही. कॅफे, जिम, मोबाइलची शोरूम, सगळीकडे हेच. आमच्या सायखेड्यातही नवीन गाळा बांधणारे आता हे रील गवंड्याला दाखवतात आणि मग मला विचारतात की हे आपल्याकडे टिकेल का. इंजिनिअर म्हणजे याला सगळंच येतं, असा गावाचा समज. मी आपला सॉफ्टवेअरवाला. पण प्रश्न चांगला होता, म्हणून खोदत गेलो आणि थेट दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका गवंड्यापाशी पोहोचलो.

आधी आपल्याकडची अडचण. सायखेडा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर, समोर चांदोरी. एप्रिल-मे मध्ये माती उडते, कांद्याचा पाला उडतो आणि दुकानदार दिवसातून चारदा झाडू मारतो. ज्यांच्याकडे सिमेंटचा कोबा आहे त्यांना एक गोष्ट माहीत असते: दार बंद ठेवलं तरी झाडताना पांढरट पूड निघतेच. ती सगळी बाहेरची धूळ नसते. त्यातली बरीच जमिनीचीच असते. म्हणजे जमीन झिजतेय आणि आपण रोज ती थोडी थोडी सुपात भरून बाहेर टाकतोय!

असं का होतं, हे कळायला सिमेंट म्हणजे काय ते कळायला हवं. आणि सिमेंट म्हटलं की जोसेफ ॲस्पडिन.

रस्त्यातले दगड उचलणारा माणूस

जोसेफचा जन्म 1778 सालचा, इंग्लंडमधल्या लीड्स शहराजवळचा. वडील थॉमस गवंडी, जोसेफ सहा भावंडांत थोरला. तोही वडिलांच्याच धंद्यात पडला. 1811 मध्ये मेरी फॉदरबी हिच्याशी लग्न झालं आणि 1817 पर्यंत त्याने लीड्समध्ये स्वतःचा धंदा सुरू केला. रसायनशास्त्राचं शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही. हातात थापी आणि डोक्यात एकच विचार: दगड महाग आहे, तर दगडच बनवता आला तर?

तेव्हा बांधकाम चालायचं चुन्यावर. पाण्यात टिकणारं म्हणून रोमन सिमेंट नावाचा एक माल मिळायचा. जेम्स पार्कर नावाच्या माणसाने त्याचं पेटंट 1796 मध्येच घेतलं होतं. पण तो विशिष्ट प्रकारच्या नैसर्गिक दगडापासूनच व्हायचा. जोसेफला चुनखडी आणि चिकणमाती मिसळून तसाच, जमल्यास त्याहून बरा माल करायचा होता.

चुनखडी आणायची कुठून? त्या भागातल्या रस्त्यांवर कडक चुनखडीचे दगड अंथरलेले असायचे. गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा व्हायचा आणि तो जोसेफच्या कामाचा होता, आयता दळलेला. चुरा पुरेनासा झाला तेव्हा त्याने रस्त्यातले अख्खे दगडच उचलले. त्यासाठी त्याच्यावर दोनदा खटला झाला. ज्या माणसाच्या मालाने पुढे जगभरचे रस्ते झाले, त्याच्यावर रस्ता उखडल्याचा खटला, हे मला फार आवडलं.

त्याची पद्धत अशी होती. चुनखडी भाजायची, पाणी घालून विरवायची, चिकणमातीत कालवायची, वाळवायची, पुन्हा भट्टीत भाजायची आणि मग दळायची. 21 ऑक्टोबर 1824 रोजी त्याला याचं पेटंट मिळालं, क्रमांक 5022. नाव दिलं पोर्टलंड सिमेंट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला पोर्टलंड नावाचा भाग आहे. तिथला दगड उत्तम मानला जायचा, लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल त्याच दगडाचं. घट्ट झालेला आपला माल तसा दिसतो, असा जोसेफचा दावा होता. आजच्या भाषेत ब्रँडिंग. आज तुमच्या घराबाहेर पडलेल्या सिमेंटच्या गोणीवर इंग्रजीत पोर्टलंड हा शब्द छापलेला असतो, तो याचाच. बघून या.

पेटंटमध्ये एक गंमत मात्र आहे. चुनखडी किती, माती किती, आच किती, यातलं काहीच त्यात सांगितलेलं नाही. म्हणजे ॲपचं नाव रजिस्टर केलं, पण कोड कुणाला दाखवलाच नाही.

बाप आणि मुलगा

1825 मध्ये जोसेफने विल्यम बेव्हर्ली या लीड्समधल्या भागीदाराबरोबर वेकफील्ड गावात कारखाना टाकला. 1838 मध्ये ती जागा रेल्वे कंपनीने सक्तीने घेतली. सगळं उचलून त्याने जवळच दुसरीकडे बिऱ्हाड मांडलं. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता महत्त्वाची गोष्ट. जोसेफचं सिमेंट आजच्या सिमेंटसारखं नव्हतं. त्याची भट्टी पुरेशी तापतच नव्हती. त्याचा माल झटकन घट्ट व्हायचा, पण ताकद बेताची. भिंतींचा गिलावा आणि नक्षीकाम यांनाच तो चालायचा. आजच्या सिमेंटची सुरुवातीची ताकद ज्या संयुगातून येते त्याला अलाइट म्हणतात. ते तयार व्हायला चुनखडी जास्त लागते आणि भट्टी साधारण 1450 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावी लागते. इतक्या आचेत माल अर्धवट वितळून कडक, काळपट खडे होतात. ते दळायला अवघड आणि कोळसाही जास्त खातात. झटपट धंदा करणाऱ्याला असा माल नको असणार.

ही पायरी ओलांडली ती त्याच्या धाकट्या मुलाने, विल्यमने. पण तोपर्यंत बापलेकांचं बिनसलं होतं. 1841 मध्ये जोसेफने थोरल्या जेम्सला भागीदार केलं आणि जाहीर नोटीस काढली की विल्यम कंपनीतून बाहेर पडला आहे आणि त्याच्या कर्जाला आम्ही जबाबदार नाही. विल्यम लंडनकडे गेला आणि 1843 च्या सुमारास त्याने तिथे नवा माल बाजारात आणला. हळू घट्ट होणारा, पण कितीतरी मजबूत. त्याच्या गुप्ततेचे किस्से प्रसिद्ध आहेत: उंच भिंती आणि भट्टी भरताना हातात रंगीत क्षारांची ताटं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की खरी जादू त्यातच आहे. आयझॅक जॉन्सन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने तरीही आपल्या आपण प्रयोग करून तो माल जमवलाच.

जोसेफ 1844 मध्ये निवृत्त झाला, कारखाना जेम्सकडे गेला. 20 मार्च 1855 रोजी वेकफील्डमध्येच तो वारला. त्यानंतर चार वर्षांनी लंडनची भुयारी गटारं बांधायला सुरुवात झाली. जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने तिथे पोर्टलंड सिमेंटची ताकद तपासून, ते मोठ्या प्रमाणावर वापरलं. ॲस्पडिनला हे बघायला मिळालं नाही. विल्यम कर्ज आणि भानगडी मागे टाकत जर्मनीत गेला आणि 1864 मध्ये तिथेच गेला. भारतात 1914 मध्ये पोरबंदरला सिमेंट निघायला लागलं. 1936 मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईत एसीसी झाली. मग गावोगावी कोबा आला, लाल रंग घालून घोटलेला.

मग आपला कोबा पूड का सोडतो?

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी पिऊन घट्ट होतं, आणि सावकाश. ताकद मोजतात तीसुद्धा 28 दिवसांनी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पसरायला सोपं जावं म्हणून माल पातळ करतात. जास्तीचं पाणी वर येतं आणि बारीक, कमजोर थर घेऊन येतं. वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटतात. ऊन आणि वारा पाणी पळवतात, दोन दिवस पाणी मारलं की काम संपलं. वरचे एक-दोन मिलिमीटर कच्चेच राहतात. त्यावर बाहेरून आलेली वाळूची बारीक कणी, जी जमिनीच्या त्या थरापेक्षा कितीतरी कडक असते, पायाखाली सँडपेपरचं काम करते.

पॉलिश्ड काँक्रीटमध्ये वरून काही लावून चमक आणत नाहीत. हिऱ्याची कणी बसवलेल्या चकत्यांनी आधी तो कच्चा थर काढून टाकतात, मग 100, 200, 400, 800 असं बारीक करत नेतात. मध्ये सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण पाजतात. काँक्रीटमध्ये उरलेल्या मोकळ्या चुन्याशी ते जुळतं आणि सिमेंट घट्ट करणारा पदार्थच छिद्रांमध्ये आणखी तयार होतो. म्हणून झिजेची पूड बरीच कमी होते आणि बाहेरची धूळ एका पोछ्यात निघते. चिंच, लिंबू, ॲसिडवाला क्लीनर मात्र लांब ठेवा. चुन्याचा अंश आहे, डाग खाल्ल्यासारखा पडतो.

मशीन नाशिकहून भाड्याने आणता येईल. खालचं काँक्रीट भुसभुशीत असेल तर मशीन काही करू शकत नाही. भारतीय मानक आयएस 456 नुसार कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान 10 दिवस ओलं ठेवायचं. राख मिसळलेलं पीपीसी असेल, जे आपल्याकडे सर्रास मिळतं, तर 14 दिवसांपर्यंत न्या असा सल्ला आहे. गाळेवाल्याचं खरं दुखणं इथे आहे. चौदा दिवस गाळा बंद म्हणजे तितक्या दिवसांचं भाडं गेलं, आणि कांद्याचा सीझन थांबत नाही. माझं मत विचाराल तर पॉलिशचे पैसे नसतील तरी चालेल, ते दोन वर्षांनीही करता येतं. हे चौदा दिवस मात्र नंतर विकत मिळत नाहीत. काम पहाटे धरा, माल घट्ट झाला की ओली गोणपाटं टाका आणि वर प्लॅस्टिक.

आणि घासाई कोरडी होत असेल तर मशीनला व्हॅक्यूम आहे का आणि पोरांच्या तोंडाला नीट मास्क आहे का, ते स्वतः उभं राहून बघा. काँक्रीटच्या त्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. रुमाल बांधून भागत नाही.